पीएनआर आला, तिकीट कुठंय?

जुलै-ऑगस्टमध्ये पोरं परदेशी शिकायला निघतात, तेव्हा घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: "एजंटनं पीएनआर पाठवलाय, झालं तिकीट!"

झालेलं असेलच असं नाही. पीएनआर ही सहा अक्षर-आकड्यांची नोंद असते. जागा धरून ठेवली, एवढंच ती सांगते. तिकीट खरोखर इश्यू झालं की 13 आकडी ई-तिकीट क्रमांक येतो. त्यातले पहिले तीन आकडे विमान कंपनीचे: एअर इंडियाचे 098, एमिरेट्सचे 176, लुफ्तान्साचे 220. मुदतीत तिकीट निघालं नाही तर धरलेली जागा सुटते आणि प्रवाशाला ते थेट विमानतळावर कळतं. इंडिगोसारख्या स्वस्त सेवेत मात्र पीएनआरवरच सगळं भागतं. घोळ होतो तो या सवयीमुळे.

स्वस्त तिकीट म्हणजे फसवणूकच, हाही गैरसमज. काही एजंट एखाद्या विमानातल्या जागा घाऊक घेऊन ठेवतात आणि 'सिरीज फेअर' म्हणून विकतात. व्यवहार चोख असतो, पण असं तिकीट रद्द केलं तर बहुधा छदामही परत मिळत नाही.

खरा धोका अर्ध्या किमतीत लंडनला पाठवणाऱ्या, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर भेटणाऱ्या विक्रेत्याचा. चोरलेल्या क्रेडिट कार्डावर तो खरंखुरं तिकीट काढतो आणि रोकड खिशात घालतो. कार्डाचा मालक बँकेत तक्रार करतो, कंपनी तिकीट रद्द करते. काउंटरवर जाब द्यायला उभा राहतो तो प्रवासी. युरोपीय संघाची पोलीस संस्था युरोपोल अशा तिकिटांविरुद्ध अनेक देशांच्या पोलिसांसह मोहिमा काढते. ऑक्टोबर 2017 मधल्या मोहिमेत 61 देशांतले 226 विमानतळ होते आणि 195 जणांना अडवण्यात आलं.

"विमान रद्द झालं तर कंपनी पैसे देईलच की!" भारतातली हवाई वाहतूक नियामक संस्था डीजीसीएच्या नियमानुसार, एजंटकडून घेतलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही विमान कंपनीचीच. पण पैसे येतात एजंटच्या हातून, आणि त्याने दुकान गुंडाळलं असेल तर? शिवाय कंपनीच बुडू शकते. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज थांबली, मे 2023 मध्ये गो फर्स्ट. प्रवाशांबरोबर एजंटांचेही पैसे अडकले. क्रेडिट कार्डाने पैसे भरलेले असले तर बँकेकडे दाद मागता येते. यूपीआयने गेलेले पैसे परत मिळवणं मात्र अवघड.

एक सापळा तर कायदेशीरही आहे. काही पोर्टलं दोन कंपन्यांची स्वतंत्र तिकिटं जोडून एकच प्रवास असल्यासारखी विकतात. पहिलं विमान तीन तास उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी थांबत नाही, नवं तिकीटही देत नाही. शिवाय बॅगा मधल्या विमानतळावर स्वतः उतरवून पुन्हा द्याव्या लागतात, त्यासाठी इमिग्रेशन ओलांडावं लागतं, आणि त्या देशाचा व्हिसा लागत असेल तर तो आधीच काढायला हवा होता, हे तिथल्या रांगेत कळतं.