विंचवाचे बिऱ्हाड आणि सूर्याचा शिधा

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही आपली जुनी म्हण. आता हौशी माणसे आपले बिऱ्हाड मोटारीच्या पाठीमागे जोडून निघू लागली आहेत. आपल्या राज्य शासनानेही 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. दोन चाकांच्या या लहानशा घरात निजायला फळ्या असतात, ओटा असतो, पाण्याची टाकी असते. नसते ती एकच गोष्ट : विजेची तार!

ही अडचण आकाशातही सुटली. 1954 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट जगापुढे ठेवला आणि 1958 साली व्हॅनगार्ड-1 हा उपग्रह असे घट अंगावर घेऊन पृथ्वीभोवती फिरू लागला. जिथे तार पोचत नाही तिथे ऊन पोचते, एवढेच त्यातले मर्म.

समजा, दिवाळीच्या सुटीत नाशिकचे चौघांचे एक कुटुंब त्र्यंबकेश्वरावरून हरसूलकडे निघाले आहे. गुजरातच्या सीमेलगतचा हा डोंगराळ मुलूख. पाऊस सरलेला, भाताची कापणी चाललेली, आभाळ स्वच्छ. छपरावर 100 वॅटची एक पट्टी. दिवसाला पाच तासांचे भरघोस ऊन धरले, तर हिशेबाने 500 वॅट-तास वीज व्हावी. पण उष्णता, धूळ आणि तारा आपला वाटा घेतात. हाती पडतात सुमारे 375.

आता खर्च पाहा. नऊ वॅटचे दोन दिवे चार तास : 72. लहान पंखा सहा तास : 150. चार मोबाइल : 60. बेरीज 282. संसार सुखाने चालला, वर थोडी शिल्लकही राहिली! पण गृहिणीने सोबत 2,000 वॅटची विजेची शेगडी आणली असेल, तर दिवसभराची सारी कमाई अकरा मिनिटांत संपते. पिठले शिजायचे आणि दिवे मालवायचे.

याहून गंभीर प्रसंग म्हणजे सोबत मधुमेही आजोबा असणे. त्यांचे राखीव इन्शुलिन थंड ठेवायचे, तर छोट्या शीतपेटीला दिवसाकाठी 300 ते 400 वॅट-तास लागतात. म्हणजे दुसरी पट्टी आलीच. तोवर पहिला मान औषधाचा. पंखा थांबेल, मोबाइलही थांबेल.

जागा निवडतानाही एक गंमत आहे. माणूस आंब्याची सावली शोधतो आणि पट्टीला हवे असते ऊन. फांदीची सावली पट्टीच्या एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पन्न एकदम घटते. म्हणून जाणकार लांब तारेची, घडीची पट्टी जवळ बाळगतात. घर सावलीत, पट्टी उन्हात. शिवाय हरसूल सुमारे 20 उत्तर अक्षांशावर. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथे भर दुपारचा सूर्यही दक्षिण क्षितिजावर जेमतेम 46 अंश चढतो. आडवी ठेवलेली पट्टी तेव्हा पाऊण भाकरीवरच राहते. दक्षिणेकडे कलती केली की पूर्ण जेवते. पट्टीखाली चार बोटे वाऱ्याला वाट ठेवावी, कारण तापलेली पट्टी कमी कमावते.

रात्रीची बेगमी बॅटरीत. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 1,200 वॅट-तास मावतात. पण शिशाची असेल तर निम्म्याखाली उतरू नये, तिचे आयुष्य घटते. लिथियमची महाग, पण वजनाला निम्म्याहून हलकी, आणि घाटात वजनाचीच किंमत मोजावी लागते. बॅटरीजवळ फ्यूज मात्र हवाच. तिथे काटकसर नको.

या हिशेबाचे मोठे उदाहरण मुंबईच्या आय. आय. टी.त तेव्हा प्राध्यापक असलेले चेतन सोळंकी यांनी घातले. नोव्हेंबर 2020 मध्ये ते सौर बसमधून 'एनर्जी स्वराज यात्रे'ला निघाले. 2030 पर्यंत घरी न परतण्याचा संकल्प करून. बसवर 3.2 किलोवॅटच्या पट्ट्या, पोटात 6 किलोवॅट-तासांची बॅटरी. राहणे, रांधणे, कचेरी, सारे तिच्यातच. त्यांच्या शिकवणीचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे : आधी विजेचा वापर टाळा, मग कमी करा, आणि उरलेल्या गरजेपुरती वीज स्वतः निर्माण करा. पट्टीचा नंबर शेवटचा!

भिंतीतल्या खटक्यामागे किती वीज आहे हे शहरात कुणी विचारीत नाही. चाकांवरच्या घरात मात्र सूर्य रोजचा शिधा मापून देतो. तो पुरवून खाणाऱ्याच्या खिडकीत हरसूलच्या अंधारात रात्री उशिरापर्यंत दिवा दिसेल.