नायट्रॉक्स घ्यावं का?

स्कुबा सिलिंडरमधल्या साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, नायट्रॉक्समध्ये सहसा ३२ किंवा ३६. नायट्रोजन कमी, म्हणून १८ मीटर खोलीवर तासाभराऐवजी सुमारे दीड तास थांबता येतं. कागदावर! नवशिका धापा टाकत त्याआधीच सिलिंडर रिकामा करतो. शिवाय ३२ टक्के मिश्रणावर साधारण ३३ मीटरखाली गेल्यास ऑक्सिजनच बाधतो, आकडी येऊ शकते. मालवण-तारकर्लीच्या उथळ, हौशी डुबकीला साधी हवा पुरे.

बारामती-इंदापूरकरांनी काळजी करावी ती परतीच्या वाटेवरच्या घाटाची. आंबोली सुमारे ६९० मीटर उंच, बारामतीही पाचशेच्या वर. डुबकीनंतर लगेच तेवढं चढलं, तर अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. नायट्रॉक्सने धोका घटतो, टळत नाही. रात्रीचा मुक्काम किनाऱ्यावरच ठेवावा.