चित्र बोलते, पण किती?

चटईवर खुणा असणे ही काही नवलाची गोष्ट नाही. मशिदीतल्या चटयांवर आखलेल्या रेघा आम्हाला नमाजासाठी सरळ रांगेत उभे करतात. म्हणून ‘खुणा असलेली चटई’ एवढ्यावर कोणाला पेटंट मिळणार नाही. पण समजा, एखाद्याने योगासनांसाठी वेगळी चटई केली. मधोमध रेघ, दोन्ही बाजूंना पावलांच्या नि तळहातांच्या खुणा. तिचे पेटंट मागताना अर्जात वर्णन लागते, आकृत्या लागतात आणि शेवटी दावे लागतात.

दावा म्हणजे शेताची हद्द. ‘एवढे माझे, विचारल्याशिवाय यात पाऊल टाकू नका.’ आकृती हा त्या शेताचा नकाशा. आता नकाशापेक्षा हद्द मोठी सांगितली तर?

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम १० प्रमाणे दावा हा अर्जात उघड केलेल्या मजकुरावर रास्तपणे आधारलेला असावा लागतो. दिलेली आकृती सर्वसाधारणपणे त्या मजकुराचाच भाग मानली जाते. अमेरिकेचा नियम तर असा, की दाव्यातले प्रत्येक वैशिष्ट्य आकृतीत दिसले पाहिजे.

आपल्या चटईवाल्याने लिहिले, ‘वापरणाऱ्याच्या उंचीप्रमाणे खुणांमधले अंतर बदलते.’ आकृतीत मात्र एकच चटई, एकच अंतर. वर्णनातही उंचीचा उल्लेख नाही. मग हा दावा अधांतरी राहतो. बरे, आकृतीवर पट्टी ठेवून ‘हे पाहा, बरोबर नऊ इंच’ असे म्हणण्यातही अर्थ नाही. आकृती प्रमाणात काढल्याचे लिहिले नसेल, तर तिच्यातून नेमके माप काढता येत नाही. पूर्ण अर्ज दाखल झाल्यावर नवा मजकूर मागाहून घुसडताही येत नाही.

रंगाचेही तसेच. ‘ट्विस्टर’ हा खेळ अनेकांनी पाहिला असेल. चटईवर लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या वर्तुळांच्या चार ओळी, आणि त्यांवर हातपाय टेकवताना होणारी तारांबळ. चार्ल्स फॉली आणि नील रेबेन्स यांना १९६९ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. ‘ज्यात खेळाडूच सोंगट्या होतात असा खेळ खेळण्याचे साधन’ हे त्याचे शीर्षक. पेटंटच्या आकृत्या सहसा काळ्या शाईत असतात. तिथे वर्तुळ चित्र दाखवते. ते लाल की हिरवे, हे शब्दांना सांगावे लागते.

मग नुसते चित्र पुरेच पडत नाही का? याचे उत्तर चटईच्या नव्हे, डायलिसिसच्या नळीच्या खटल्यात मिळाले. त्यातले आडनाव ऐकून मराठी कान टवकारतील. अमेरिकेतील डॉ. सखाराम माहूरकर यांनी दोन मार्गांची नळी तयार केली. एका मार्गाने रक्त बाहेर, दुसऱ्याने परत. मार्च १९८२ मध्ये त्यांनी सहा आकृत्यांसह डिझाइनचा अर्ज केला. सविस्तर पेटंटचा अर्ज केला १९८४ मध्ये. दरम्यान, ऑगस्ट १९८२ मध्ये कॅनडात त्याच नळीच्या डिझाइनची नोंद झाली होती. प्रतिपक्ष म्हणाला, ‘त्या सहा आकृत्या तुमच्या दाव्यांना पुरत नाहीत. म्हणून तुमची तारीख १९८४ ची. आणि तोवर तुमच्याच कॅनडातल्या आकृत्या वर्षाहून अधिक काळ जगजाहीर होत्या. मग पेटंट कसले?’

खालच्या न्यायालयाने हे मानले. म्हणजे तेच चित्र हक्क बुडवायला पुरेसे आणि हक्क राखायला अपुरे! १९९१ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि प्रकरण परत पाठवले. नुसती आकृतीदेखील पुरेशी ठरू शकते, असे त्याने सांगितले. कसोटी एकच: त्या विषयातल्या जाणकाराला आकृती पाहून दाव्यातली वस्तू खरोखर उमगते का?

आपल्याकडे घरच्या घरी, वर्कशॉपमध्ये, शेतावर नवी साधने करणारे कितीतरी हात आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे, की अर्जावर सही करण्याआधी दाव्यातल्या एकेका शब्दावर बोट ठेवा आणि तो आकृतीत कुठे आहे ते शोधा. सापडला नाही, तर आणखी एक आकृती काढा किंवा वर्णनात दोन ओळी वाढवा. आम्हा कवींना थोडे न सांगता सोडण्याची मुभा असते. पेटंट मागणाऱ्याने जे सांगितले नाही, ते त्याचे राहत नाही.