जुनी मोटार घेताना तपासणीचा विचार आधी

पहिलीवहिली मोटार घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला नव्या गाडीची किंमत परवडत नाही, तेव्हा नजर आपोआप जुन्या गाडीकडे वळते. चौदा वर्षे वापरलेली, एकाच मालकाच्या हातची, रंगाने चकचकीत आणि किमतीने आटोक्यातली मोटार समोर आली की व्यवहार झटपट ठरतो. पेढे वाटले जातात आणि काही महिन्यांनी आरसी बुकावरील एका तारखेकडे लक्ष जाते. नोंदणीची मुदत संपत आलेली असते. मोटार प्रादेशिक परिवहन कार्यालयात नेऊन तिची तपासणी करून घ्यावी लागणार, हे तेव्हा उमगते.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. २०११ साली नोंदलेल्या मोटारीची मुदत २०२६ मध्ये संपते. त्यानंतर ती रस्त्यावर चालविण्यास योग्य आहे, अशी निरीक्षकाची खात्री पटली तरच नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत नमुना २५ मध्ये अर्ज करता येतो. टॅक्सी, टेम्पो अशा व्यावसायिक वाहनांना योग्यता प्रमाणपत्राची सवय असते. खासगी मोटारीच्या मालकावर हा प्रसंग प्रथमच येतो आणि त्यामुळे तो गोंधळतो.

आधी नाव, मग नूतनीकरण

नूतनीकरणाचा अर्ज नोंदणीकृत मालकाच्या नावे होतो. त्यामुळे मोटार नावावर करून घेणे ही पहिली पायरी. व्यवहार राज्यातल्या राज्यात असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नमुना २९ भरून कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नमुना ३० भरून अर्ज करायचा, अशी तरतूद आहे. मूळ मालकाने कर्ज काढून मोटार घेतली असेल, तर हप्ते फिटले तरी कर्जाचा बोजा आरसी बुकावर तसाच राहिलेला असतो. बँकेच्या सहीचा नमुना ३५ मिळवून तो उतरवावा लागतो. थकलेली ई-चलने, परराज्यातील मोटारीचे ना हरकत प्रमाणपत्र, विमा यांची पूर्तताही याच टप्प्यावर व्हायला हवी.

कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन 'नंतर बघू' म्हणणारे व्यवहार आजही सर्रास होतात. त्यात विकणाऱ्याचेही हित नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असाच प्रश्न हाताळला. मोटार अनेक हातांतून गेली असली, तरी परिवहन खात्याच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक ठरतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

निरीक्षक काय पाहतो?

तपासणीची सुरुवात इंजिनापासून होत नाही, ती ओळखीपासून होते. चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक आरसी बुकाशी अक्षरशः जुळले पाहिजेत. गंजामुळे चासी क्रमांक वाचता येत नसेल किंवा मूळ इंजिन बदलून त्याची नोंद केलेली नसेल, तर मोटार कितीही उत्तम चालत असली तरी काम अडते. रंगाचेही तसेच. पांढरी मोटार लाल करून घेतली आणि आरसी बुकात रंग पांढराच राहिला, तर आधी ती दुरुस्ती करावी लागते.

महाराष्ट्रात सर्वाधिक विसरली जाणारी नोंद सीएनजी किटची असते. पेट्रोलच्या दरवाढीला कंटाळून मूळ मालकाने किट बसविलेले असते, पण आरसी बुकात इंधन म्हणून केवळ पेट्रोलच असते. किट मान्यताप्राप्त असणे, त्याची नोंद असणे आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झालेली असणे या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत. दाबचाचणीची तारीख उलटलेला सिलिंडर डिकीत घेऊन फिरणे म्हणजे केवळ नियमभंग नव्हे, तो घरच्यांच्या जिवाशी खेळ आहे.

त्यानंतर येते सुरक्षितता. कोरड्या, सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगात ब्रेक दाबल्यावर मोटार १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे, असा नियम सांगतो. ती एका बाजूला ओढली जाणेही दोषच. टायरवरील नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. स्टिअरिंगमध्ये जास्त ढिलाई नसावी, हँडब्रेक पकडणारा असावा, सीटबेल्ट, वायपर, हॉर्न आणि सर्व दिवे चालू असावेत. मागच्या नंबरप्लेटवरचा छोटा दिवा बंद असणे ही किरकोळ वाटणारी, पण हमखास नजरेत भरणारी बाब.

हौसेने लावलेल्या वस्तूही आड येतात. पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. बंपरपुढचे लोखंडी क्रॅशगार्ड, वेगवेगळ्या सुरांत वाजणारे हॉर्न, डोळे दिपविणारे बाहेरून बसविलेले दिवे घरीच काढून ठेवलेले बरे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या मोटारींनाही आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते, हे ध्यानात ठेवावे.

धुराची परीक्षा

मुंबई, पुणे, सोलापूर या शहरांत एप्रिल २०१० पासून 'भारत स्टेज ४' मानके लागू झाली. या मानकाच्या पेट्रोल मोटारीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमपेक्षा अधिक असता कामा नये. मोटार जुनी असली तरी नियमित देखभाल असेल, तर ही मर्यादा पाळणे अवघड नसते. नापास होण्यामागे बहुधा तुंबलेला एअर फिल्टर, झिजलेले स्पार्कप्लग, बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर किंवा निकामी झालेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. पहिल्या दोन गोष्टी स्वस्तात बदलता येतात, शेवटची महाग पडते. कन्व्हर्टर तापल्याशिवाय नीट काम करीत नाही, म्हणून थंड इंजिनावर पीयूसी करण्याऐवजी पंधरा-वीस मिनिटे मोटार चालवून मग केंद्रावर जावे.

खर्च आणि विलंब

मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. एप्रिल २०२२ पासून ते पाच हजार रुपये झाले, तर २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये करण्यात आले. उशीर झाल्यास खासगी मोटारीला दरमहा ५०० रुपये जादा आकार पडतो. शिवाय महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आहे. गॅरेजचे बिल वेगळेच. व्यवहार करताना हा आकडा कोणी धरत नाही आणि मग 'स्वस्तातली' मोटार महाग पडते.

मुदत संपलेली मोटार 'जवळच तर जायचे आहे' म्हणून चालविणे अधिक धोक्याचे. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली मोटार चोरीला गेली असता तिचा विमादावा नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली योग्य ठरविले होते.

तपासणीत दोष निघाले म्हणून लगेच हताश होण्याचे कारण नाही. दोष दूर करून मोटार पुन्हा तपासणीला नेता येते. मात्र सांगाडाच गंजला असेल किंवा क्रमांकच जुळत नसतील, तर मेकॅनिक फारसे काही करू शकत नाही. ज्या दोषांवर इलाज नाही, ते पैसे देण्यापूर्वीच कळायला हवेत. म्हणून चौदा वर्षांची मोटार घेताना दोन गोष्टी कराव्यात. विश्वासू मेकॅनिककडून ती लिफ्टवर चढवून खालून पाहून घ्यावी आणि शक्य असल्यास नूतनीकरण विकणाऱ्याकडूनच करून घेण्याची अट घालावी. त्यासाठी चार पैसे अधिक मोजावे लागले तरी चालतील. मालकाला स्वतःच्या मोटारीवर विश्वास असेल, तर तो ही अट सहसा नाकारणार नाही. त्याने टाळाटाळ केली, तर खरेदीदाराने सावध व्हावे हे उत्तम.