"आज काय करू?" – रेसिपी ॲप, घरातले डबे आणि चौथीचा वर्ग



"आज भाजी काय करू?" हा प्रश्न आपल्या घरात रोज निदान एकदा तरी विचारला जातो. उत्तरही ठरलेलं असतं, "काहीही कर." हे "काहीही" जिला ऐकावं लागतं तिला विचारा, स्वयंपाकापेक्षा ठरवण्याचंच काम जास्त जड असतं. भाजी निवडायला, लसूण सोलायला कुणीतरी हात लावतं. पण फ्रिजमध्ये काय उरलंय, कोणती भाजी आज नाही केली तर उद्या सडेल, कोण काय खात नाही, हा सगळा हिशेब एकाच डोक्यात असतो. मोबाईलवरचं मोफत रेसिपी ॲप या ठरवण्याच्या कामात कसं वापरायचं आणि त्यात तिसरी-चौथीच्या मुलांना (आणि बाबांनाही!) कसं घ्यायचं, ते आज पाहू या.

बहुतेक जण ॲप उघडतात आणि फोटो बघत बसतात. अर्धा तास जातो, पनीरची एखादी डिश आवडते आणि मग कळतं की पनीर घरात नाही. म्हणून क्रम उलटा करायचा. आधी डबे, मग मोबाईल. मुलाला कागद-पेन्सिल द्या आणि घरात असलेल्या वस्तू लिहायला सांगा. आमच्या वर्गात हा गृहपाठ दिला होता. एका मुलीची यादी अशी होती: अर्धा कोबी, दोन बटाटे, शेंगदाणे, दही, कालची भाकरी. एवढ्या यादीत संध्याकाळचं जेवण होतं. शिळ्या भाकरीची फोडणीची भाकरी होते, दह्यातला काला होतो. कोबी-बटाट्याची भाजी तर आहेच.

आता ॲप कोणतं? कुकपॅड हे मूळचं जपानचं, १९९७ साली सुरू झालेलं. त्यात घरोघरी स्वयंपाक करणारे लोकच आपापल्या कृती लिहितात आणि मराठीतून लिहिलेल्या कृतीही मिळतात. शोधायच्या जागी "कोबी बटाटा" असं मराठीत टाकून पाहा. सुपरकुक नावाचं दुसरं मोफत ॲप आहे. त्यात घरातल्या वस्तूंवर खुणा करत गेलं की त्यातून काय काय होईल ते दाखवतं. कल्पना उत्तम आहे, पण बरेचसे पदार्थ परदेशी. चवळई आणि ज्वारीचं पीठ असलेल्या घराला त्याचा फार उपयोग नाही. माझं मत विचाराल तर मुलांसाठी मराठी कृती असलेलं ॲपच बरं, कारण त्यात वाचनही होतं.

इथे एक अडचण नक्की येते, ती नावांची. मराठीत शोधून काही मिळालं नाही की आपण हिंदी शब्द टाकतो. दुधीला लौकी, लाल भोपळ्याला कद्दू, ओव्याला अजवाइन, जवसाला अलसी, चाकवताला बथुआ. शेपूला हिंदीत सोया म्हणतात आणि "सोया" टाकलं की समोर सोयाबीनच्या वड्याच जास्त येतात! मुलांना ही गंमत फार आवडते. वर्गात एक तक्ता करून लावला: मराठी नाव, हिंदी नाव आणि आजी म्हणते ते नाव. तिसऱ्या रकान्यात इतके वेगळे शब्द आले की तक्ता दोनदा वाढवावा लागला.

ॲपने दहा कृती दाखवल्या की निवड कशी करायची? फोटोवरून नाही. मुलाला साहित्य आणि कृती शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला लावा आणि मग विचारा: आपल्याकडे काय नाही? नसलं तर चालेल का? भिजवायला किती वेळ लागेल? "डाळ चार तास भिजवून घ्या" हे वाक्य पुष्कळदा कृतीच्या मध्येच कुठेतरी असतं आणि संध्याकाळी सात वाजता ते वाचून काही उपयोग नसतो. भाषेच्या तासाला ज्याला आपण आकलन म्हणतो ते हेच आहे. जे मूल धडा वाचताना ओळी गाळतं, ते इथे गाळत नाही, कारण गाळलं तर जेवण बिघडतं.

मापांकडे थोडं जास्त लक्ष द्या. ॲपमधला "कप" म्हणजे चहाचा कप नव्हे. मोजमापाचा कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो, आपली आमटीची वाटी बहुतेक त्याहून लहान. पण सगळं एकाच वाटीने मोजलं तर बिघडत नाही. इडलीला ३ वाट्या तांदूळ आणि १ वाटी उडीद डाळ घेतली तर वाटी कोणतीही असो, प्रमाण ३:१ राहतं. गुणोत्तर शिकवायला यापेक्षा सोपं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही. चमच्यांचं मात्र जपून. टीस्पून ५ मिलिलिटरचा, टेबलस्पून १५ चा. मिठाच्या बाबतीत हा फरक तिप्पट खारट असा कळतो.

कृती चार जणांची आणि घरात माणसं सहा, तर दीडपट करायचं. २ वाट्या रवा असेल तर ३, अर्धा चमचा हळद असेल तर पाऊण. मग मुलं विचारतात, "बाई, शिट्ट्यापण दीडपट का?" नाही. शिट्ट्या तेवढ्याच. कोणती गोष्ट माणसांबरोबर वाढते आणि कोणती नाही, यावर एक अख्खा तास जातो. मोठं गणित हवं असेल तर शाळेतलाच पोषण आहार घ्या. पहिली ते पाचवीच्या एका मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण आहे. तीस मुलांचं काढायला सांगा: ३ किलो तांदूळ, ६०० ग्रॅम डाळ, दीड किलो भाजी, १५० ग्रॅम तेल. मग मुलांना शाळेतल्या स्वयंपाकाच्या ताईंशी पडताळून पाहू द्या.

आता ॲपला काय कळत नाही तेही सांगते. आज चतुर्थी आहे हे त्याला माहीत नसतं. "व्रत" टाकून शोधलं तर उत्तरेकडचे कुट्टूचे पदार्थ येतात आणि आपल्याकडची भगर मागे राहते. उपासाला कोथिंबीर चालते की नाही, हे तर घराघरात वेगळं. कृतीत "गरम मसाला" लिहिलेला असतो, पण आपल्या डब्यात गोडा मसाला असतो, कुणाकडे काळा, कुणाकडे मालवणी. बाजारात आज गवार महाग आहे आणि मेथीची जुडी स्वस्त आहे, हेही त्याला कळत नाही. म्हणून ॲपने सुचवायचं, घराने ठरवायचं. आजीला विचारणं बंद करू नका. उलट ॲपमधली कृती आजीला वाचून दाखवा, ती दोन दुरुस्त्या नक्की सांगेल.

मोफत ॲपमध्ये जाहिराती असू शकतात आणि काही सोयींना पैसे मागितले जातात. कृती बघायला ते पैसे भरायची गरज नाही. ॲपने फोनमधले संपर्क किंवा तुम्ही कुठे आहात ते मागितलं तर नकार द्या. मुलाच्या हातात फोन एकट्याने देऊ नका, दहा मिनिटं शेजारी बसा. आणि मुलांचं काम यादी करणं, वाचणं, मोजणं, निवडणं, कणीक मळणं इथपर्यंतच ठेवा. गॅस आणि फोडणी मोठ्यांची.

आठवड्यातून एक वार ठरवून घ्या. त्या दिवशी "काय करू?" हा प्रश्न आईने विचारायचाच नाही. मूल आणि बाबा यादी करतील, ॲप बघतील, दोन नावं काढतील आणि त्यातलं एक ठरेल. जे केलं ते एका वहीत लिहायचं: तारीख, पदार्थ, काय बदललं, कुणाला कसं लागलं. आमच्या वर्गातल्या एका वहीत मेथीच्या पिठल्यापुढे लिहिलंय, "बाबांना आवडलं. आजीला तिखट लागलं. परत करायचं पण मिरची एकच."