वाटेंत हरवलेली अश्वशक्ति

'आडांत नाहीं, तर पोहऱ्यांत कोठून येणार?' ही म्हण आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु आडांत भरपूर पाणी असूनहि पोहरा वर येईपर्यंत त्यांतील थोडें गळून जातें, ही गोष्टहि तितकीच खरी. मोटारगाडीचें अगदीं असेंच आहे. एंजिन हा तिचा आड, आणि रस्त्यास टेकलेलीं चाकें हा तिचा पोहरा. एंजिनांत जितकी शक्ति उत्पन्न होते, तितकी सारी चाकांपर्यंत कधींच पोहोंचत नाहीं.

समजा, एका घरीं नवी मोटार घेतली. माहितीपत्रकांत छापलें होतें : १०० अश्वशक्ति. पुढें ती गाडी, चाकांखालीं रूळ असलेल्या मापनयंत्रावर चालवून पाहिली, तों आकडा निघाला ८५! 'बाबा, आपण फसलों काय?' असें मुलानें विचारलें, तर पित्यानें काय उत्तर द्यावें?

उत्तर असें कीं, दोन्ही आकडे खरे असूं शकतात. एंजिनाची शक्ति त्याच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, म्हणजे क्रँकशाफ्टवर, मोजण्याचा प्रघात आहे. पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशाच रीतीनें एंजिनें मोजून प्रमाणपत्रें देते. रुळांवरील यंत्र मात्र चाकांशीं उरलेली शक्ति मोजतें. मधली १५ अश्वशक्ति कोणीं चोरली नाहीं. ती वाटेंत हरवली. ती कोठें हरवली, हेंच आज पाहूं.

प्रथम अश्वशक्ति म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. वाफेच्या यंत्राचें काम लोकांस समजावें म्हणून जेम्स वॅट यानें अठराव्या शतकांत घोड्याच्या कामाशीं त्याची तुलना केली, आणि हें माप रूढ झालें. हल्लींच्या मेट्रिक पद्धतींत ७५ किलो वजन एका सेकंदांत एक मीटर उंच उचलणें, ही एक अश्वशक्ति होय.

आतां आपल्याच शहरांतील एका जुन्या यंत्राकडे वळूं. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, येथील पाणचक्की तुम्हीं पाहिलीच असेल. खाम नदीच्या कांठीं, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत ती आहे. दूरच्या झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून कित्येक किलोमीटर आणून, उंच भिंतीवरून हौदांत सोडलेलें आहे. त्या पाण्याच्या जोरानें खालचें आडवें, पात्यांचें चाक फिरे. त्या चाकांत बसविलेला लोखंडी दांडा सरळ वर जाऊन जात्याची वरची तळी फिरवी. आणि यात्रेकरूंसाठीं व फकिरांसाठीं पीठ दळलें जाई. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, पाण्याचें चाक आणि जात्याची तळी यांच्यामध्यें एक दांडा सोडून दुसरें कांहींच नाहीं. जितके फेरे चाकाचे, तितकेच जात्याचे. पाण्याचा सर्व जोर कांहीं पात्यांना लागत नाहीं, हें खरें. पण एकदां चाकास मिळालेली शक्ति जात्यापर्यंत जातांना फारशी कमी होत नाहीं.

मग मोटारींत असाच एक दांडा कां घालूं नये? कारण असें कीं, एंजिन व चाक यांच्या गतींचा मेळ बसत नाहीं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या लहान मोटारीचें चाक मिनिटास सुमारें साडेपांचशें फेरे घेतें. तिचें एंजिन त्याच वेळीं दोन हजारांच्या आसपास फेरे घेत असतें. शिवाय पेट्रोलचें एंजिन उभ्या जागेवरून भार ओढूं शकत नाहीं. तें आधीं फिरत असावें लागतें. दौलताबादच्या पुढें वेरूळच्या वाटेवर घाट चढतांना चाकास जोर अधिक व वेग कमी लागतो; सपाट रस्त्यावर याच्या उलट. हा सर्व मेळ घालण्यासाठीं क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट व डिफरन्शियल अशी मोठी मंडळी एंजिन व चाकें यांच्यामध्यें बसवावी लागते. ही मंडळी उपयोगाची खरी, पण प्रत्येकजण आपला मेहनताना कापून घेतल्यावांचून शक्ति पुढें जाऊं देत नाहीं.

मागील चाकांनीं चालणाऱ्या गाडीचा हिशेब स्थूलमानानें असा मांडतां येईल. एंजिनावर १०० अश्वशक्ति आहे असें धरूं. क्लच पूर्ण जुळलेला असेल, तर तेथें जवळ जवळ कांहींच जात नाहीं. गिअरबॉक्समध्यें दांतावर दांता घसरतो आणि चाकांस तेल घुसळावें लागतें. तेथें शेंकडा तीन भाग जातात, उरले ९७. प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांत शेंकडा एक जातो, उरले ९६. मागच्या आंसाशीं शक्तीस काटकोनांत वळावें लागतें. तेथील दांते एकमेकांवर बरेच घसरतात, म्हणून तेथें शेंकडा पांच जातात, उरले सुमारें ९१. चाकांच्या बेअरिंगांत आणखी एक गेला, उरले ९०. शेवटीं रबरी टायर रुळावर दबतो व पुन्हां फुगतो, त्यांत आणखी कांहीं शक्ति खर्च होते, आणि यंत्राचा कांटा ८५ च्या जवळपास थांबतो. गाडीगणिक हे आकडे थोडे निराळे असतील, पण रीत हीच.

येथें गणिताच्या विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. प्रत्येक टप्प्यावरची घट मूळच्या १०० वर नव्हे, तर त्या टप्प्यापर्यंत पोहोंचलेल्या शक्तीवर मोजावयाची असते. म्हणून येथें वजाबाकी नव्हे, गुणाकार करावा लागतो.

हरवलेली शक्ति जाते कोठें? ती नाहींशी होत नाहीं. तिची उष्णता होते. थंडींत तळहातावर तळहात घांसल्यावर ते तापतात, तोच हा प्रकार. लांबचा प्रवास संपल्यावर गिअरबॉक्सचें व डिफरन्शियलचें कवच तापलेलें असतें. ती ऊब म्हणजेच वाटेंत गळालेली शक्ति.

पुष्कळांचा असा समज असतो कीं, ही घट नेहमींच शेंकडा पंधरा असते. तो बरोबर नाहीं. घटीचे दोन भाग आहेत. दांतांचें घर्षण भाराबरोबर वाढतें. तेल घुसळण्याचा खर्च मात्र वेगावर व तेलाच्या दाटपणावर अवलंबून असतो, भार असो वा नसो. म्हणून त्याच गाडींत दुप्पट शक्तीचें एंजिन बसविलें, तरी घट बरोबर दुप्पट होतेच असें नाहीं. थंडीच्या पहाटे तेल दाट झालेलें असतें, तेव्हां प्रारंभीं गाडी जड चालते, त्याचें एक कारण हेंच.

दुसराहि एक भेद ओळखावा. गाडीचा वेग वाढवितांना जड दांडे व चाकें यांनाहि फिरवावें लागतें. त्यांत शक्ति खर्च होते, पण ती हरवत नाहीं, सांठून राहते. पाणी बंद केल्यावरहि जातें लगेच थांबत नाहीं. सांठलेली शक्ति तें परत देतें. ब्रेक दाबला, तरच या सांठ्याची उष्णता होऊन जाते.

वाहनाची रचना बदलली कीं घटहि बदलते. आजच्या पुष्कळ लहान मोटारींत एंजिन पुढें आडवें बसवून पुढचींच चाकें फिरवितात. तेथें लांब शाफ्ट नको आणि काटकोनी वळणहि नको, म्हणून घट कमी. वाळूज येथें १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. तेथें दुचाकी व तीनचाकी गाड्या होऊं लागल्या आणि आपल्या शहराचें नांव वाहनधंद्यांत गाजलें. त्यांतील मोटारसायकलींत गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत शक्ति साखळीनें जाते. स्वच्छ व वंगण दिलेली साखळी शेंकडा ९७-९८ भाग शक्ति पुढें देते; धुळीनें माखलेली व कोरडी साखळी त्याहून कमी देते, आणि लवकर झिजते. गिअर बदलावे न लागणाऱ्या स्कूटरींत रबरी पट्टा असतो. तो सोयीचा, पण पट्टा वांकतो व थोडा घसरतो, म्हणून त्याची घट साखळीहून अधिक. विजेच्या कांहीं स्कूटरींत तर मोटर चाकाच्या तुंब्यांतच बसविलेली असते. मध्यें ना साखळी, ना पट्टा. पाणचक्कीची सरळ दांड्याची युक्तीच जणूं नव्या वेषांत परत आली!

पालक म्हणतील, या हिशेबाचा संसारांत उपयोग काय? उपयोग आहे. शंभर रुपयांचें पेट्रोल जाळलें, तर उत्तम स्थितींतहि सुमारें तीस रुपयांचेंच काम एंजिनाच्या दांड्यावर मिळतें. बाकीचें धुराबरोबर व रेडिएटरमधून उष्णतेच्या रूपानें जातें. त्या तिसांतून तीन-चार रुपये वाटेंतील मंडळी घेतात. इतकें जाणारच, तें कोणासहि पूर्णपणें टाळतां आलेलें नाहीं. परंतु हवा कमी असलेले टायर, घांसत राहणारा ब्रेक, कोरडी साखळी, भलतेंच तेल आणि सदा क्लचवर ठेवलेला पाय यांमुळें जी जास्तीची गळती होते, ती आपल्या हातची आहे. रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत रिक्षा चालवून मुलांची फी भरणाऱ्या गृहस्थास ही गळती महिनाअखेरीस चांगलीच जाणवते.

विद्यार्थ्यांनीं एक सोपा प्रयोग घरीं करून पाहावा. सायकल उलटी उभी करून पेडल हातानें सावकाश फिरवावें. बोटें साखळीपासून दूर ठेवावीं. मग साखळी फडक्यानें पुसून, तेलाचे चार थेंब देऊन, पुन्हां फिरवावें. हातास जो फरक कळेल, तो पुस्तकांतल्या आकड्यांहून अधिक काळ लक्षांत राहील.

आणि पुढच्या वेळीं पाणचक्कीस जाल तेव्हां हौदाजवळच थांबूं नका. आंत जाऊन तो एकच लोखंडी दांडा पाहा. दूरचें पाणी वाटेंत सांडूं नये म्हणून जमिनीखालून नळ घालणाऱ्या त्या कारागिरांनीं, चाकास मिळालेली शक्तिहि वाटेंत सांडूं नये याची तितकीच काळजी घेतली होती.