अव्यध्य सिरेचा वेध आणि ध्वनिलहरींची दृष्टी

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात सातशे सिरांपैकी ९८ सिरा अव्यध्य सांगितल्या आहेत. प्रत्येक सक्थीतील अशा चार सिरांमध्ये ऊरुमूलाच्या लोहिताक्षेची गणना आहे. हे स्थान मर्मही आहे, आणि तेथील आघाताचे मुख्य भय रक्तक्षयाचे. आजच्या हृद्रोगचिकित्सेत मात्र हृदयाकडे जाण्याचा नेहमीचा मार्ग याच प्रदेशातून जातो. म्हणून ही प्रक्रिया आपल्या व्यवसायबंधूंनी समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

हृदयाच्या अलिंदांची गती अनियमित होते त्या ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात ‘कॅथेटर अ‍ॅब्लेशन’ हा उपचार केला जातो. या विकाराची चेतना बहुधा फुप्फुसनीलांच्या मुखाशी उत्पन्न होते, हे फ्रान्समधील बोर्दो येथील हाइसागेर व सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखविले. तेथपर्यंत नळ्या नेण्यासाठी जांघेतील नीलेत दोन-तीन ठिकाणी वेध करावा लागतो. सुई, तिच्यातून तार आणि तारेवरून नळी, ही पद्धत स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली मांडली.

परंपरेने हा वेध स्पर्शाने होत आला आहे. धमनीचे स्पंदन बोटांनी जाणून तिच्या आतील बाजूस सुई घालावयाची. परंतु सर्वांची रचना सारखी नसते. जांघेच्या सांध्याखाली जावे तशी धमनी अनेकदा नीलेवर अंशतः आरूढ होते. स्थूल शरीरात स्पंदनही नीट लागत नाही. त्यात रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असतो आणि प्रक्रियेत हेपॅरिनही दिले जाते. अशा वेळी सुई चुकून धमनीत गेली, तर रक्त साठून गाठ होणे, स्पंदणारा कूट विस्फार होणे किंवा धमनी व नीला यांत अनैसर्गिक मार्ग निर्माण होणे संभवते.

सोनोग्राफीच्या साहाय्याने हीच सुई डोळ्यांसमोर पुढे सरकते. यंत्राचा हलका दाब देताच नीला चेपते. धमनी गोल राहून स्पंदत राहते. एवढ्याने दोहोंतील भेद स्पष्ट होतो.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अल्ट्रा-फास्ट’ या ३२० रुग्णांच्या अभ्यासात पहिल्याच प्रयत्नात यश सोनोग्राफीच्या गटात ७४ टक्के, तर स्पर्शाच्या गटात २० टक्के होते. धमनीला चुकून होणारे वेधही कमी झाले. गंभीर उपद्रवांतील फरक मात्र त्या अभ्यासात सिद्ध झाला नाही. ते मुळातच अपेक्षेपेक्षा कमी घडले आणि अभ्यास मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. गुणगान करताना हेही सांगितले पाहिजे.

आपला संबंध येतो तो रुग्ण घरी परतल्यावर. ‘अँजिओ झाली’ एवढेच तो सांगतो. नेमके काय झाले आणि रक्त पातळ करणारे कोणते औषध चालू आहे, हे चिठ्ठी पाहून नोंदवावे. हे औषध प्रक्रियेनंतर किमान दोन ते तीन महिने, आणि अनेकांना पुढेही, आवश्यक असते. ते आपण बंद करू नये. जांघेतील काळेनिळेपणा किंवा गाठ दिसल्यास तेथे अभ्यंग, मर्दन, स्वेदन अथवा जलौकावचारण करू नये. गाठ वाढत असेल, स्पंदत असेल, पाय सुजला असेल, किंवा कंबर-पोटात वेदना होऊन रुग्ण पांढुरका पडत असेल व त्यास भोवळ येत असेल, तर त्यास तत्काळ रुग्णालयात धाडावे. कारण जांघेतील रक्तस्राव बाहेर न दिसता उदराच्या मागेही साठतो.

औषधालयचालकांनीही अशा रुग्णास लसूण, हळद यांचे सांद्र अर्क वैद्याच्या सल्ल्याविना देऊ नयेत. रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढण्याची शक्यता असते.

सिराव्यधविधीत आचार्यांनी वीस प्रकारचे दुष्ट वेध सांगितले आहेत. शस्त्र कोठे जात आहे हे जाणल्याखेरीज ते चालवू नये, हाच त्या गणनेचा बोध आम्ही मानतो. साधन नवे असले, तरी ही मर्यादा वैद्यास नवी नाही.